ब्रेसिंग, कारखाना आणि आवाज: गिटार घेण्याआधी तिच्या पोटात बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्यासमोर दोन गिटारी आहेत. एक नवी, इंडोनेशियात बनलेली, टॉप (म्हणजे पुढची फळी) सॉलिड, अखंड स्प्रूस लाकडाचा, मागे आणि बाजूला शिसवीचं लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवलेलं प्लाय, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘स्कॅलप्ड एक्स ब्रेसिंग’ (ब्रेसिंग म्हणजे टॉपला आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या), किंमत ३२ हजार. दुसरी १९७० च्या आसपासची लाल लेबलची जपानी यामाहा एफजी-१८०, कोल्हापुरातल्या एका गृहस्थांच्या माळ्यावरून खाली आलेली. ते ४० हजार सांगतायत, कारण ‘जपानी माल आहे, आता असा होत नाही’. दुकानदार म्हणतो आवाज ब्रेसिंगमुळे, गृहस्थ म्हणतात कारखान्यामुळे. खरं कोणाचं?

दोघांचंही अर्धं खरं आहे, आणि दोघांनाही काहीतरी विकायचं आहे.

तुम्ही दुकानात उभे असता तेव्हा तुम्हाला हवं असतं ते एवढंच: समोरच्या गिटारीचा टॉप किती ताठ आहे, किती जड आहे आणि आज कोणत्या अवस्थेत आहे. ब्रेसिंगच्या नावावरून आणि कारखान्याच्या पत्त्यावरून त्याचा अंदाज बांधता येतो, पण अंदाजच. मी पुण्यात बावीस वर्षं गिटारदुरुस्ती करतोय, वर्षाकाठी दोन-तीन गिटारी स्वतः बनवतो. त्यामुळे लिहितोय ते माझ्या टेबलावर उघडून पाहिलेल्या गिटारींवरून. एक सांगून ठेवतो, ठणठणीत गिटार दुरुस्तीला येत नाही. डॉक्टरला सगळं गाव आजारी दिसतं तसं माझंही होत असणार, तेवढी सूट धरून वाचा.

आधी ब्रेसिंग म्हणजे काय काम करतं ते बघू. स्टीलच्या तारांचा १२ गेजचा संच (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाडीची) पूर्ण सुरात लावला की सहा तारांचा मिळून ओढा सुमारे ७० ते ७५ किलो भरतो. म्हणजे एक मोठा माणूस चोवीस तास ब्रिजला, तारा टॉपवर जिथे अडकवतात त्या लाकडी ठोकळ्याला, लोंबकळतोय. आणि तो ब्रिज चिकटवलेला असतो जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या फळीवर. नुसती फळी ठेवली तर ब्रिज पुढे कलंडेल, त्याच्या मागचा टॉप फुगेल, पुढचा खचेल. ते होऊ नये म्हणून आतून पट्ट्या मारतात. पण पट्ट्या फार मारल्या तर टॉप हलणार नाही, आणि टॉप हलला नाही तर आवाज येणार कुठून? तारेची स्वतःची हवा ढकलायची ताकद नगण्य असते, सगळं काम टॉप करतो. तेव्हा गिटार बनवणारा प्रत्येक माणूस एकाच दोरीवर चालत असतो. एका बाजूला मोडणारी गिटार, दुसऱ्या बाजूला मुकी गिटार. उत्तम गिटार मोडण्याच्या जितकी जवळ जाता येईल तितकी जवळ गेलेली असते.

एक्स ब्रेसिंग हे त्यावरचं सगळ्यात रुळलेलं उत्तर. दोन लांब पट्ट्या साउंडहोल (टॉपमधलं गोल भोक) आणि ब्रिजच्या मध्ये एकमेकींना छेदतात आणि त्यांचे खालचे पाय ब्रिजच्या दोन टोकांखालून जातात. खालच्या रुंद भागात दोन तिरक्या टोन बार, कडेला बोटाएवढ्या छोट्या पट्ट्या, साउंडहोलच्या वर एक आडवी. मजा अशी की अमेरिकेत मार्टिन कंपनीने ही रचना १८४० च्या दशकात वापरायला घेतली तेव्हा गिटारीला आतड्याच्या तारा असत. स्टीलच्या तारांसाठी ती कोणी शोधली नव्हती. १९२० च्या दशकात स्टीलच्या तारा रुळल्या आणि लक्षात आलं की वाढलेला ओढा झेलायला हीच रचना सोयीची आहे. तिकडे स्पेनमध्ये तोरेस या कारागिराने एकोणिसाव्या शतकातच पंख्यासारख्या पट्ट्यांची रचना पक्की केली होती. तिथे आतड्याच्या आणि पुढे नायलॉनच्या तारा राहिल्या, ओढा जवळपास निम्मा, म्हणून पंखा चालला. एक्स चांगला आणि पंखा कमअस्सल असं त्यात काही नाही. ज्याच्या त्याच्या तारांचा प्रश्न आहे.

तिसरा प्रकार म्हणजे शिडी. शिडीच्या पायऱ्यांसारख्या नुसत्या आडव्या पट्ट्या. आपल्याकडे जुन्या स्वस्त गिटारी उघडल्या की मला बहुतेक वेळा हेच दिसतं. बनवायला सोपं, आवाज पुढे येणारा, थोडा नाकातला, लवकर विरणारा, आणि दहा-पंधरा वर्षांत टॉपला पोट येणार हे नक्की. पण शिडीला नावं ठेवण्याआधी जॅझ गिटारवादक जॅंगो राइनहार्टची सेल्मर गिटार आठवा. तिच्याही पट्ट्या आडव्याच होत्या. गर्दीत, माइकशिवाय, प्रत्येक सूर सुटा ऐकू यायला तोच कोरडा, झपकन येऊन झपकन जाणारा आवाज हवा होता.

आता तुमच्या खोक्यावरचा शब्द, स्कॅलप्ड. पट्टीची उंची सगळीकडे सारखी न ठेवता मधे पटाशीने खोलगट काढायची, दोन टेकड्यांमध्ये दरी असावी तशी. याने आवाजात इतका फरक का पडतो, त्याचा हिशोब एकदा कळला की पुढचं सगळं सोपं होतं. पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनात बदलतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट, पण उंची दुप्पट केली तर आठपट. उलट दिशेने बघा: १६ मिलिमीटर उंचीची पट्टी रंध्याने १३ वर आणली. वजन कमी झालं जेमतेम पाचवा हिस्सा, ताठपणा मात्र जवळपास निम्म्यावर आला. तीन मिलिमीटर म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढं. शाळेत गणिताच्या तासाला झोपलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वर्षानुवर्षं पटाशी चालवल्यावर हाताला कळलं.

कळलं ते किंमत मोजूनच. माझी तिसरी की चौथी गिटार. मी तेव्हा जुन्या अमेरिकन गिटारींच्या आवाजाने झपाटलेलो होतो. एक्सच्या पट्ट्या खोदत गेलो. टॉपवर अंगठ्याने टकटक करायची, ऐकायचं, अजून थोडं काढायचं. प्रत्येक वेळी आवाज उघडत होता आणि थांबायचं कुठे ते मला माहीत नव्हतं. ती गिटार वाजली मात्र अशी की मित्र ऐकायला येऊन बसायचे. सहा महिन्यांनी ॲक्शन, म्हणजे तारांची नेकवरच्या (गळ्यावरच्या) धातूच्या फ्रेटपासूनची उंची, वर यायला लागली. आठव्या महिन्यात ब्रिजमागे टॉपवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर दोन्ही टोकांखालून उजेड दिसत होता. आतून हात घातला तर एक्सच्या छेदापाशी पट्टीला तडा. आजही ती वर्कशॉपच्या भिंतीवर आहे, १० गेजच्या तारा लावून. शिकायला आलेल्या पोरांना आधी तीच दाखवतो.

मार्टिनचा इतिहास नेमका याच दोरीवर झुललेला आहे. १९३० च्या दशकात त्यांच्या ड्रेडनॉट या मोठ्या पोटाच्या गिटारींत एक्सचा छेद साउंडहोलपासून साधारण एका इंचावर असे, आणि पट्ट्या खोदलेल्या. ब्रिजच्या आसपासचा टॉप त्यामुळे मोकळा हले. १९३८-३९ च्या सुमारास छेद ब्रिजकडे मागे सरकवला. १९४४ च्या अखेरीस पट्ट्या खोदणंच बंद केलं, कारण लोक जाड तारा लावू लागले होते आणि टॉपना पोटं येत होती. मग जवळपास तीस वर्षं सरळ पट्ट्यांच्या गिटारी निघाल्या. १९७६ साली एचडी-२८ काढून त्यांनी खोदलेल्या पट्ट्या परत आणल्या. गाव तेच, पेनसिल्व्हेनियातलं नाझरेथ. मॉडेलचं कूळ तेच. ब्रेसिंग मात्र काळजी वाढली की जड झालं आणि मागणी वाढली की हलकं झालं.

स्कॅलप्ड म्हणजे वरचा दर्जा, असं मात्र समजू नका. खोदलेल्या पट्ट्यांचा टॉप जास्त हलतो, खर्ज भरून येतो, एकट्याने गाताना साथीला गिटार मोठी वाटते. पण तोच खर्ज माइकपुढे गुरगुरतो, आणि बँडमध्ये बेस गिटारच्या पायात येतो. सरळ पट्ट्यांची गिटार घरी एकटीला ऐकली तर थोडी आवळलेली वाटते, चारचौघांत मात्र तिचे सूर सुटे ऐकू येतात. तुम्ही लिहिलंय की तुम्ही भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी स्वतः गाता, स्टेजवर जात नाही. म्हणजे तुम्हाला खोदलेल्या पट्ट्यांचा फायदाच होईल. पण दुकानदाराने सांगितलं त्या कारणासाठी नव्हे.

आणि दुकानदाराने जे सांगितलं नाही ते असं की पट्ट्या कुठल्या आकाराच्या आहेत यापेक्षा त्या किती जड ठेवल्यात ते महत्त्वाचं. मी खोदलेल्या पट्ट्यांच्या अशा गिटारी उघडल्यात की पट्टी मुळातच इतकी जाडजूड, त्यात नावापुरती दोन पन्हळं काढलेली. खोक्यावर स्कॅलप्ड लिहिणं खोटं नाही, पण टॉप आपला ढिम्म. २०१८ साली टेलर या गिटार कंपनीने व्ही आकाराचं ब्रेसिंग आणलं, त्यावरही खूप चर्चा झाली. मला त्यातल्या काही आवडल्या, काही नाही आवडल्या. अगदी एक्सच्या गिटारींबद्दल होतं तसंच.

इथून कारखान्याकडे येतो, कारण पट्टी किती जड ठेवायची हे शेवटी कारखाना ठरवतो.

एकटा कारागीर प्रत्येक टॉप हातात घेऊन वाकवून बघतो. एकाच झाडाच्या दोन फळ्यांतही ताठपणाचा बराच फरक असतो, म्हणून एकीच्या पट्ट्या जास्त उतरवतो, दुसरीच्या कमी. कारखान्यात रोज शेकडो टॉप मशिनवर एकाच जाडीला घासले जातात आणि एकाच मापाच्या पट्ट्या चिकटवल्या जातात. साहजिकच माप असं निवडलं जातं की त्या ढिगातली सगळ्यात मऊ फळीसुद्धा वॉरंटीच्या काळात फुगू नये. मग त्याच ढिगातल्या ताठ फळीला त्या पट्ट्या गरजेपेक्षा जास्त होतात. म्हणून एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यातल्या दोन गिटारी शेजारी ठेवून वाजवल्या तर एक बोलते आणि एक बोलत नाही. ढिगातली कुठली फळी तुमच्या वाट्याला आली, एवढाच खेळ.

म्हणून मी कारखान्याबद्दल देश विचारत नाही. मी विचारतो, त्या वर्षी त्या कारखान्याला परत येणाऱ्या गिटारींची भीती किती होती? गिब्सन या अमेरिकन कंपनीचं उदाहरण घ्या. जे-४५ हे मॉडेल १९४२ चं, मिशिगनमधल्या कॅलमझू गावच्या कारखान्यातलं. त्या काळातल्या गिटारी हलक्या, कोरड्या, खुल्या आवाजाच्या म्हणून आज लोक जीव टाकतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कारखान्यात, त्याच नावाच्या गिटारीत दुहेरी एक्स आला, म्हणजे एका एक्सखाली दुसरा. टॉप मजबूत झाला आणि आवाज बसला. दोन्ही गिटारींवर पत्ता कॅलमझूचाच. पुढे १९८९ मध्ये ॲकूस्टिकचं काम मोंटानातल्या बोझमन या गावी गेलं आणि तिथे जुन्या धर्तीचं हलकं ब्रेसिंग परत आलं. नुसत्या गावावरून आवाज ओळखायचा म्हटलं तर इथे फसाल.

आता जपान. तुमच्या गृहस्थांचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. हामामात्सुला निप्पोन गाक्कीने, म्हणजे यामाहाने, १९६६ मध्ये एफजी-१८० आणि एफजी-१५० बाजारात आणल्या. त्या काळात इतक्या पैशांत इतकी नीट जुळलेली गिटार मिळणं नवलाचं होतं. सांधे घट्ट, फ्रेट सरळ, सरस जिथे हवा तिथेच. मागणी वाढली तशी यामाहाने तैवानच्या काओश्युंगमध्येही गिटारी बनवायला घेतल्या, म्हणून आज बाजारात ‘लाल लेबल की दुसरं’ असा फरक करून किमती सांगतात. पण एक गोष्ट गृहस्थांना बहुतेक ठाऊक नसावी: एफजी-१८० चा टॉप प्लायचा आहे. तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून स्वतः बघा. साउंडहोलच्या कडेला टॉर्च धरा आणि लाकडाच्या जाडीकडे आडवं बघा. सॉलिड टॉप असेल तर वरच्या बारीक उभ्या रेघा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसतात. प्लाय असेल तर कडेला थर दिसतात, वरच्या रेघा मधल्या थरापाशी तुटतात.

हे वाचून ती गिटार लगेच नाकारू नका. माझ्या टेबलावर अशा काही आल्या आहेत, आणि आतला हिशोब हलका असल्यामुळे प्लाय असूनही त्या छान बोलतात. प्लाय सहसा चिरत नाही, पावसाळ्यात फार फुगत नाही, म्हणूनच तर ती पन्नास वर्षं माळ्यावर टिकली. फक्त ‘जुनं सॉलिड लाकूड मुरलंय’ या नावाखाली ४० हजार देऊ नका. जे लाकूड मुरलंय असं ते म्हणतायत ते तिथे नाही.

जपानी गिटारींसोबत आणखी एक शब्द विकला जातो, ‘लॉसूट’. १९७७ साली गिब्सनच्या तेव्हाच्या मालक कंपनीने इबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला होता, तो गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून. पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. ब्रेसिंगशी किंवा आवाजाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. कोणी ‘लॉसूट गिटार आहे’ म्हणून पाच हजार वाढवले तर हसून पुढच्या दुकानात जा.

इंडोनेशियाबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मोठे कारखाने आज तिथे आहेत, चीनमध्ये आहेत, यामाहाचा तर चेन्नईजवळही आहे. इंडोनेशियात एकाच छपराखाली तीन-चार ब्रँडच्या गिटारी निघतात आणि प्रत्येक ब्रँडने किती पैसे मोजलेत त्याप्रमाणे पट्टीची निवड, फिनिशची जाडी आणि शेवटची तपासणी बदलते. फिनिश म्हणालो ते उगाच नाही. स्वस्त गिटारीच्या टॉपवर काचेसारखा जाड थर चढवलेला असतो, त्याने दुकानात ती चकाकते आणि खरचटे पडत नाहीत, पण टॉपला जाड गोधडी पांघरल्यासारखं होतं. साध्या, मॅट फिनिशची गिटार त्याच किमतीत पुष्कळदा बरी वाजते. चकाकी सोडायची तयारी ठेवा.

मागच्या शिसवीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या खोक्यावर तीही ठळक छापलेली असणार. १९६९ च्या सुमारास ब्राझीलची शिसव मिळेनाशी झाली तेव्हा मार्टिनने भारतीय शिसव घेतली, आणि तेव्हापासून आपल्या पश्चिम घाटातलं हे झाड जगभरच्या गिटारींच्या पाठीवर जाऊन बसलंय. अभिमानाची गोष्ट आहे, आवाजाची फारशी नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी मुद्दाम एकसारख्या बनवून घेतल्या, फक्त मागचं-बाजूचं लाकूड वेगळं. ५२ वादकांना ते दिसणार नाही अशी व्यवस्था करून वाजवायला दिल्या. स्वस्त लाकूड आणि महाग लाकूड यांत वादकांना म्हणण्यासारखा फरक करता आला नाही. टॉप आणि ब्रेसिंग सारखं ठेवलं तर पाठ फार बोलत नाही, हे माझ्या अनुभवाशी जुळतं. तुमच्या नव्या गिटारीला तर मागे शिसवीचा पापुद्राच आहे, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

इथवरचं एका दमात: ब्रेसिंगच्या आकारावरून आवाजाचा कल कळतो, वजनावरून आवाज खुला की बंद ते कळतं, कारखान्यावरून काम किती नीट आणि किती भीतभीत केलंय ते कळतं, आणि देशावरून जवळपास काहीच कळत नाही. राहिली आजची अवस्था. माझ्या मते आवाज बिघडायचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं आणि त्याबद्दलच कोणी बोलत नाही.

गेल्या जुलैत चिपळूणहून एक गिटार आली. मालक म्हणाला, कंपनीने फसवलं, दोन वर्षांत आवाज गेला. टॉप फुगलेला, तारा बोटाला कापतायत, खर्ज नुसता घुमतोय. ब्रेसिंगला काही झालं नव्हतं. गिटारी साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत बनवतात आणि कोकणात पावसाळ्यात ती ८५-९० टक्के असते. लाकूड पाणी पितं, रेघांच्या आडवं फुगतं, ओला टॉप जड होतो. सिलिका जेलच्या पिशव्या घालून केसमध्ये तीन आठवडे बंद ठेवली, ॲक्शन आपोआप दीड मिलिमीटर खाली आली. उलटा प्रकार मे महिन्यात विदर्भातून येणाऱ्या गिटारींचा: टॉप खचलेला, फ्रेटची टोकं बाहेर आलेली, तारा खरखरतायत. कोल्हापूरची हवा त्या मानाने मध्यम, पण जुलै-ऑगस्टमध्ये गिटार भिंतीला उघडी टांगून ठेवू नका, आणि त्या महिन्यांत वाजवून बघितलेल्या गिटारीबद्दल ठाम मत बनवू नका.

सुटलेली पट्टी हा दुसरा नेहमीचा रोगी. कारखान्यात सरस कमी लागलेला असतो किंवा गिटार गाडीच्या डिकीत तापलेली असते, आणि पट्टीचं टोक टॉपपासून कागदाएवढं सुटतं. बाहेरून काही दिसत नाही. एखादाच सूर किणकिणतो, बाकी सगळं ठीक. मी काय करतो ते सांगतो, तुम्हालाही करता येईल. तारा ढिल्या करायच्या, टॉपवर वाकवलेल्या बोटाच्या पेराने हलके टकटक करत जायचं. चांगल्या जागी ‘ठम्’ असा भरीव आवाज येतो, पट्टी सुटलेल्या जागी फुटक्या मडक्यासारखा येतो. मग साउंडहोलमधून दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि टॉर्च आत घालायचा. आरसा नसेल तर फोनचा कॅमेरा लाइट लावून आत धरा आणि व्हिडिओ काढा. एक्सचा छेद नीट भरलेला आहे का, पट्ट्यांची टोकं कडेपर्यंत चिकटलेली आहेत का, ब्रिजच्या खालच्या पातळ फळीत तारांच्या गाठींनी खड्डे पाडलेत का, हे सगळं त्या व्हिडिओत दिसतं. सुटलेली पट्टी चिकटवणं तासाभराचं काम आहे. ती चिकटवल्यावर ‘गिटार बदलून दिली का?’ असं विचारणारे लोक मी पाहिलेत.

जुन्या गिटारीत सगळ्यात महाग रोग नेकच्या कोनाचा. पन्नास वर्षांच्या ओढ्याने नेक पुढे झुकते, तारा फ्रेटपासून दूर जातात, मग कोणीतरी सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती बारीक उभी पट्टी, घासून घासून नखाएवढं करून ठेवतं. सॅडल ब्रिजच्या वर निदान तीन मिलिमीटर दिसायला हवं. एक सरळ लोखंडी पट्टी फ्रेटवर उभी ठेवून ब्रिजकडे सरकवा, तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. ब्रिजच्या पोटात आपटलं आणि सॅडलही संपलेलं असलं, तर नेक काढून कोन बदलावा लागेल. ते काम करणारे हात आपल्याकडे मोजके आहेत, आणि प्लायच्या गिटारीसाठी तो खर्च मी कोणाला करायला सांगत नाही. सॅडल उतरलं की ब्रिजवर तारांचा दाबही कमी होतो आणि आवाज मरगळतो, मग बिचाऱ्या ब्रेसिंगला शिव्या बसतात. जवारी गेलेला मिरजेचा उत्तम तंबोराही मुका वाटतो, त्यात भोपळ्याचा काय दोष?

आणि एक कानाने करायची तपासणी. जाड सहाव्या तारेवर मोकळ्यापासून एकेक फ्रेट चढत जा, सगळे सूर एकाच जोराने छेडा. ड्रेडनॉटच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणजे तिसऱ्या फ्रेटवरच्या सुराच्या जवळ. तिथे आवाज थोडा फुगणं साहजिक आहे. पण एकच सूर ढोलासारखा वाजून बाकीचे मागे पडत असतील, तर तो टॉप तुम्हाला रोज त्रास देईल. मग तिसरी तार मोकळी छेडा. तिच्या जवळपास, १८० ते २०० हर्ट्झमध्ये, टॉपची स्वतःची मुख्य हालचाल असते. तिथला सूर भरदार आला तर टॉप जिवंत आहे. दबका, आवळलेला आला तर पट्ट्या बहुधा जड आहेत, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

माझे पैसे असते तर मी काय केलं असतं? सॅडल पुरेसं, नेक सरळ आणि पट्ट्या घट्ट असतील तर एफजी-१८० साठी २० हजारांपर्यंत आनंदाने गेलो असतो, त्यापुढे नाही. ४० च देणं असेल तर नवी घेऊन उरलेल्या पैशांत चांगली केस आणि सेटअप. मात्र नवी घेताना दुकानात त्याच मॉडेलच्या जितक्या असतील तितक्या बाहेर काढायला लावा आणि सगळ्या वाजवून, डोळे मिटून ऐकून, त्यातली एक निवडा. एकच असेल तर दुसरी येईपर्यंत थांबा.

दोन्ही गिटारी बघायला जाल तेव्हा १२ गेजचे एकाच कंपनीचे दोन नवे संच खिशात ठेवा. माळ्यावरच्या गिटारीच्या तारा गंजलेल्या असणार आणि दुकानातल्या शंभर हातांच्या घामाने मेलेल्या, तशा ऐकून तुम्ही तारांचीच तुलना करून घरी याल. गृहस्थांना सांगा की आधी आतल्या पट्ट्या तपासतो आणि मग या १२ च्या नव्या तारा चढवून बघतो. ते लगेच ‘नको नको, राहू द्या’ म्हणाले तर आत काय आहे ते त्यांना माहीत आहे.